सम येईपर्यंत

सुमेधाताईंना स्वयंपाक येत नव्हता, हे आधीच सांगते. त्यांच्याबद्दल आता लोक चांगलंच बोलतात. बोलू देत. पण मळवलीच्या बंगल्यात राहायला आल्या त्याच दिवशी त्यांनी गॅसवर भात टाकला आणि ओट्यावर बोटं वाजवत उभ्या राहिल्या. भात करपल्याचा वास अंगणात मला आला, शेजारी उभ्या असलेल्या त्यांना आला नाही. मी आत जाऊन गॅस बंद केला. म्हटलं, "ताई, तुमी बाजूला व्हा. उद्यापासून मी करते." त्या खरंच बाजूला झाल्या आणि तीन पावसाळे बाजूलाच राहिल्या.

बंगला त्यांच्या भावाचा. भाऊ मुंबईला. किल्ली माझ्याकडे असायची. झाडांना पाणी घालायचं, शनिवारी माणसं येणार असली की झाडून घ्यायचं, सोमवारी बाटल्या उचलायच्या, हे माझं काम. कायमचं राहायला तिथं कधी कोणी आलं नव्हतं. ताई आल्या त्या एक सूटकेस, तबल्याचे दोन जोड आणि कॉम्प्युटर घेऊन. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी होती, ती सोडली होती. वय साठीच्या आसपास. बारीक अंगाच्या, केस कापलेले, हातात बांगडी नाही. लग्न केलेलं नव्हतं.

मी विचारलं, "का न्हाई केलं?"

म्हणाल्या, "जमलं नाही. नोकरी आणि तबला, दोन्हीत वेळ गेला."

"आता येळच येळ हाय."

त्या हसल्या. हसताना आवाज करत नसत. आवाज सगळा बोटांत. उजव्या हाताची बोटं कधी गप्प नसायची. पिठाच्या डब्यावर, दाराच्या चौकटीवर, स्वतःच्या गुडघ्यावर. लोणावळ्याला डॉक्टरकडे नेलं होतं, तिथं डॉक्टर रक्तदाब मोजत होता आणि ह्या दुसऱ्या हाताने टेबल वाजवत होत्या. डॉक्टर म्हणाला, "आजी, हात स्थिर ठेवा." आजी म्हटल्याचा राग त्यांना आठवडाभर होता.

त्या घराचा एक नियम होता. ताई वाजवायला बसल्या की मधे हाक मारायची नाही. तालाचा एक फेरा असतो, त्याला आवर्तन म्हणतात. फेरा जिथून सुरू होतो ती पहिली जोराची जागा म्हणजे सम. बोलायचं ते समेवर आल्यावर. त्याआधी कोणी काही म्हटलं तर त्या डावा हात चालू ठेवायच्या आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या. थांबा. दूधवाला फाटकात थांबायचा. मीटर बघायला येणारा माणूस थांबायचा. भावाचा फोन यायचा, तोही वाजून वाजून बंद व्हायचा. भाऊ फोन करायचा तो पाण्याची टाकी भरली का आणि कुंपण नीट आहे का, हे विचारायला. तुझं कसं चाललंय, असं त्याने विचारलेलं मी ऐकलं नाही. तो फोन थांबला तर काही बिघडत नव्हतं.

एकदा स्वयंपाकघरात धामण आली. तांदळाच्या पिंपामागे. मी ओरडले, "ताई, साप." त्यांनी बोट वर केलं. मी झाडू घेऊन उभी, धामण पिंपामागून ओट्याखाली निघाली आणि ह्यांचं बोट वर. सम आली तेव्हा उठून आल्या. "कुठे आहे?"

"गेली. तिला कुटं तुमची सम ठाव हाय?"

"विषारी नसते धामण," असं म्हणून त्या परत जाऊन बसल्या.

आता नलूताईंचं सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्यांच्यापायी झालं. नलूताई व्हायोलिन वाजवायच्या. पुण्यात दोघींची घरं जवळ होती आणि कॉलेजात असल्यापासून दोघी बरोबर वाजवत आलेल्या. देवळात, लग्नात, छोट्या हॉलमध्ये. मोठं नाव कधी झालं नाही आणि त्याचं दोघींना काही वाटलंही नसावं. मग नलूताईंचे यजमान गेले आणि मुलाने त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं. तिकडे गेल्यावर व्हायोलिनची पेटी त्यांनी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. सुमेधाताई फोनवर रोज विचारायच्या, "पेटी उघडलीस का?" तिकडून उत्तर यायचं, "कोणाबरोबर वाजवू?"

मला ताई एकदा म्हणाल्या, "मावशी, तिची पेटी मला उघडायला लावायची आहे. बाकी मला काही नको." असं बोलताना त्या रडल्याबिडल्या नाहीत. गॅसचा सिलिंडर मागवायला सांगावा तसं सांगितलं.

पहिल्यांदा त्यांनी साध्या व्हिडिओच्या फोनवरच वाजवून बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नलूताई दिसायच्या. भरपूर केस, अंगात स्वेटर, मांडी घालून बसलेल्या, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलेलं. तिकडे संध्याकाळ, आमच्याकडे दुपार. मी दारात तांदूळ निवडत होते. सुरुवात झाली आणि थोड्या वेळात चाल मंद झाली. मग आणखी मंद. चढावर बैल थांबावा तसं दोन्हीकडचं वाजवणं थांबलं.

"सुमे, तू ओढतेस," तिकडून नलूताई.

"मी कुठे? तू ओढतेस. मी तुझ्यामागे जातेय."

"मी तुझी वाट बघतेय."

"मग नको बघूस."

"अगं, चाळीस वर्षं बघितली. आता कशी नको बघू?"

मला ताईंनी ते नंतर समजावलं. नदीच्या पलीकडे कोणी कपडे आपटत असलं की हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. इतक्या लांबून फोनवर तसंच होतं. इथला आवाज तिकडे उशिरा पोचतो, तिकडचा इथे उशिरा. दोन अनोळखी माणसं असती तर आपापलं वाजवत राहिली असती. ह्यांना एकमेकींसाठी थांबायची सवय. ही उशीर ऐकून थांबायची, ती हिचं थांबणं ऐकून आणखी थांबायची. त्या दिवशी तीनदा लावलं, तीनदा पडलं. नलूताईंनी पेटी मिटली. "राहू दे सुमे. पोरखेळ झाला हा." पडदा काळा झाला तरी ताई समोर बसून होत्या. बोटं गप्प होती. ती मी पहिल्यांदाच गप्प बघितली.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळाचं खूळ सुरू झालं. आकडे दिसणारं, हाताला थरथरणारं घड्याळ असतं, तसली जुनी घड्याळं त्यांनी कुठून कुठून गोळा केली. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी ती चार्ज होत पडलेली असायची. ताईंचं म्हणणं असं: कानावर भरवसा ठेवला की थांबणं आलं. तेव्हा ताल कानाने ऐकायचाच नाही, कातडीने घ्यायचा. दोघींच्या हातावर एकाच क्षणी टिचकी बसली पाहिजे, इथेही आणि तिकडेही. त्यासाठी घड्याळात घालायचं अ‍ॅप त्या बनवत होत्या.

तिकडची टिचकी तपासायला माणूस नव्हतं, म्हणून दुसरं घड्याळ माझ्या हातात आलं.

"काय वाटतंय, मावशी?"

"माशी बसल्यावानी."

"आता?"

"आता भुंगा आत कोंडलाय."

"ही सम बरं का. ही जोरात हवी. आता?"

"आता बंद पडलं."

"बंद नाही. ती हलकी जागा आहे, ती हळूच लागते."

"मला न्हाई लागली. कुनाला लागनार?"

हे महिनोन्‌महिने चाललं. मी झाडताना, भांडी घासताना, तांदळाची भाकरी थापताना. भाकरी थापताना टिचकी अजिबात कळायची नाही, हात आपटत असतो. ताईंचंही तेच होत होतं. डग्ग्यावर तळवा दाबला की मनगटाला दुसरं काही कळत नव्हतं. मग घड्याळ दंडावर चढलं, ताईतासारखं. तिथून पायाच्या घोट्याला उतरलं. एक दिवस मी ते घोट्याला बांधून दुकानात गेले, काढायचं विसरले होते. दुकानदारीण म्हणाली, "हौसामावशी, पैंजण घेतलं व्हय? एकच?" मी म्हटलं, "दुसरं सोनाराकडं हाय."

मग गावच्या भजनी मंडळावर पाळी आली. ताईंना एका वेळी पाच-सहा माणसांना घड्याळ लावून बघायचं होतं. मारुतीच्या देवळात गुरुवारी भजन असतं. गणपतभाऊ पखवाज वाजवतात, बाकीचे टाळ. सगळ्यांनी हौसेने घड्याळं बांधली. एकाने लगेच फोटो काढून पोराला पाठवला. भजन सुरू झालं, पहिला अभंग नीट गेला. दुसरा रंगला आणि माणसं उभी राहिली. भजन चढत जातं. हळू धरायचं आणि शेवटी धावायचं, हे आमच्याकडचं वाजवणं. घड्याळ आपलं पहिल्याच चालीने टिचक्या मारतंय. गणपतभाऊंनी मधेच ते सोडलं आणि शेजारच्या देवळीत पणतीपाशी ठेवलं.

भजन संपल्यावर म्हणाले, "ताई, राग मानू नका. पन तुमचं घड्याळ म्हातारं हाय. आमी पुडं गेलो, ते मागंच."

ताई म्हणाल्या, "त्याला वाढवता येतं. कधी वाढवायचं ते फक्त सांगा. तुमच्यात ठरवतं कोण?"

गणपतभाऊ टाळवाल्यांकडे बघायला लागले. टाळवाले त्यांच्याकडे.

"तूच पळवतोस," एक टाळवाला म्हणाला.

"मी? तुजे टाळ ऐकून मी पळतो."

त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मंडळ गूळखोबरं खाऊन पांगलं तरी चालूच. ताई घरी येताना हसत होत्या. अर्ध्या वाटेत हसू थांबलं. पुढे फाटकापर्यंत नुसती बोटं पिशवीवर चालत होती. मी विचारलंही नाही. विचार चालू असला की बोट वर न करताही त्या थांबायला लावायच्या.

पावसाळ्यात मळवलीचा रस्ता शनिवार-रविवार मोटारींनी भरतो आणि सोमवारी कुत्रं नसतं. तसे सोमवार ताईंनी पुष्कळ काढले. कोणी येत नव्हतं. पुण्याच्या ओळखीच्या बायका सुरुवातीला एकदा आल्या, भिंतींना ओल आहे म्हणाल्या, पुन्हा आल्या नाहीत. ताई दिवसभर कॉम्प्युटरवर आणि दुपारनंतर तबल्यावर. तबल्यावर नुसता ठेका. ठेका म्हणजे दुसरा वाजवत असताना त्याला द्यायची साथ, एवढं मला कळायला लागलं होतं. दुसरा नसताना ह्या तासन्‌तास साथ द्यायच्या. पान वाढून ठेवावं आणि जेवणारा यायचाच नाही, तसं ते ऐकायला लागायचं. मी एकदा सांगितलं, "ताई, येकट्याचं काहीतरी वाजवा की." म्हणाल्या, "येतं मला. आवडत नाही."

शेवटी ते जमलं. एक घड्याळ कोणाबरोबर तरी ऑस्ट्रेलियाला गेलं. ताईंनी युक्ती काढली होती ती अशी: टिचकी दोघींना एकाच क्षणी. आणि नलूताईंचं वाजवणं इथे मुद्दाम एक अख्खा फेरा उशिरा ऐकू येणार, ह्यांचं तिकडे तसंच. अर्धवट उशीर झाला की घोटाळा होतो, पुरा फेरा उशीर झाला की सम समेवर बसते. मला एवढंच कळलं की ह्या जे ऐकणार ते शिळं, पण तालात.

त्या दुपारी ताईंनी इस्त्रीची साडी नेसली. तीन वर्षांत साडी नेसलेली मी तेव्हाच बघितली. पडद्यावर नलूताई आल्या. जरा वाळल्या होत्या. पेटी मांडीवर होती, कपाटावरून काढलेली. ताई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"उघडलीस."

"उघडली बाई. एक तार तुटली होती, नवी घातली. चल, लाव तुझं यंत्र."

वाजवलं. एकदाही पडलं नाही. चाल मंद झाली नाही, धावली नाही. मला गाण्यातलं कळत नाही, पण दोन माणसं एका चालीने चाललेली कोणालाही कळतात. बराच वेळ चाललं आणि शेवटी दोघी समेवर आल्या, अगदी बरोबर. ताईंनी हात गुडघ्यांवर ठेवले. मानेवर घाम होता.

तिकडून नलूताई म्हणाल्या, "झकास बसलं गं."

"बसलं ना?"

"अगदी. कुठे इकडचं तिकडे नाही." मग त्यांनी व्हायोलिन मांडीवर घेतलं. "पण तू कुठे होतीस?"

"म्हणजे काय? इथेच."

"मधे एका जागी मी मुद्दाम रेंगाळले. तू नेहमी थांबतेस तिथे. आज थांबली नाहीस."

"मला ते ऐकू आलं तेव्हा तू पुढे गेली होतीस, नलू. म्हणून तर हे जमतं."

"हो, कळलं मला ते. मी घड्याळाबरोबर वाजवलं, तूही घड्याळाबरोबर वाजवलंस. चांगलं आहे हे, सुमे. मुलांना दे. त्यांना फार उपयोग होईल."

"आणि आपण?"

नलूताईंनी व्हायोलिनचा गज पुसला आणि पेटीत ठेवला. "नातवाला आणायला जायचंय," म्हणाल्या.

ताई नेहमीसारख्या जेवल्या, दहीभात आणि लोणचं. मी म्हटलं, "चाललं न्हवं घड्याळ? मग?"

"चाललं, मावशी. उत्तम चाललं."

अ‍ॅप त्यांनी पुरं केलं. अर्धवट टाकायचा स्वभाव नव्हता. पुण्याची मुलंमुली येऊन घड्याळं बांधून वाजवून गेली. कोणी कोणी परगावाहून आभाराचे फोन केले. एका मुलीचे गुरुजी लांब राहायचे, तिची शिकवणी घड्याळावर सुरू झाली. ती पेढे घेऊन आली होती. ताईंनी तिला तासभर समजावलं, फाटकापर्यंत सोडलं आणि पेढे मला दिले. स्वतःचं घड्याळ मात्र त्यांनी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलं ते पुन्हा घातलं नाही. मी पुसताना ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे. नलूताईंचे फोन येत होते, पण औषधांचे आणि हवेचे. पेटी उघडलीस का, हे विचारणं थांबलं होतं. तबलाही थांबला होता. दूधवाला सरळ ओट्यापर्यंत यायला लागला.

दिवाळीनंतर भावाने बंगला विकला. त्याने बहिणीला पुण्यात एक खोली बघून दिली होती. सामान न्यायला टेम्पो दुपारी यायचा होता. मला किल्ली घ्यायची होती, म्हणून मी आधी गेले. फाटकाशी आले तर तबला ऐकू आला. फार सावकाश. मला वाटलं, आवराआवर करताना सहज हात लावला असेल.

दार उघडं होतं. खोली रिकामी. सूटकेस उभी करून तिच्यावर कॉम्प्युटर ठेवलेला आणि ताई खाली नुसत्या फरशीवर बसलेल्या. घोटा मोकळा. घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ अजून होता. पडद्यावर नलूताई, व्हायोलिन घोट्यावर. त्यांच्याही अंगावर घड्याळ नव्हतं. साधा फोन, पहिल्या दिवशी लावला होता तसा.

चाल पडत होती. ही थांबायची, ती थांबायची. दोन ठोक्यांच्या मधे मी फाटकापासून पायरीपर्यंत आले असते. तू ओढतेस, असं दोघींपैकी कोणी म्हणत नव्हतं. ताईंची नजर पडद्यावर नव्हती, खाली होती, आणि मान जराशी तिरकी, लांबून कोणी हाक मारतंय का बघतात तशी.

मागून टेम्पो आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी हात केला तसा तो उतरून आला. "मावशी, सामान भरायचं न्हवं? लय ऊन झालंय. सांगा त्यांना."

"मधे बोलत न्हाईत हितं. सम आली की सांगते."

"कवा येनार ती?"

"मला काय ठाव? बस जरा."

तो पायरीवर बसला. त्याच्याशेजारी मीही बसले. आत व्हायोलिनचा एक सूर लांबला, बारीक झाला, आणि पुढचा येईना. ताईंचा उजवा हात तबल्याच्या वर उचललेला होता. त्यांनी तो खाली आणला नाही.